टिलीला खुर्चीवर ठेवायचं का?

सेंट बोनिफेस, कॅन्सस
१२ मार्च १९८९

फ्लोरियन,

आधी बस. बसलास? तुझी धाकटी बहीण न्यायाधीश झाली.

हसून झालं असेल तर पुढे वाच. आमचे म्हातारे न्यायाधीश टोबिन जानेवारीत गेले हे तुला कळवलंच होतं. प्रत्येक काउंटीत तिथेच राहणारा एक तरी न्यायाधीश हवा, असा राज्याचा नियम. आणि आपल्या काउंटीत राहणारे वकील दोन. एक सरकारी वकील, त्याला खुर्ची नको. दुसरा ऐंशीचा आणि ठार बहिरा. शेजारच्या काउंटीतल्या एका वकिलाने अर्ज केला होता. त्याची बायको गाव बघायला आली, मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, चार मिनिटांत गाडीत जाऊन बसली ती पुन्हा उतरलीच नाही.

उरलो तिघं. धान्यकोठारावर वजन करणारा एड, केस कापणारा आणि मढी सजवणारा वेंडलिन, आणि मी. या खालच्या खुर्चीला वकिलीची पदवी लागत नाही. शाळा पुरी झालेली असावी आणि दीड वर्षात राज्याची परीक्षा पास व्हावी, बस.

निवड समितीत वकील आणि बिनवकील निम्मे निम्मे, वर राजधानीहून आलेले एक न्यायमूर्ती. एका वकिलाने विचारलं, “बाई, न्यायदानाबद्दल तुमचं तत्त्वज्ञान काय?”

मी म्हटलं, “वेळेवर सुरू करावं, दोघांचं ऐकावं, आणि मध्ये माणसांना लघवीला सोडावं.”

न्यायमूर्तींना खोकल्याची उबळ आली. डोळे पुसत म्हणाले, “अनुभव?”

“सव्वीस वर्षं टोबिनसाहेबांचे निकाल मीच टाइप केले. शुद्धलेखन सुधारायचे. कधी कधी बाकीचंही.”

पाऊण तासाने मला आत बोलावून सगळ्यांनी हात मिळवले. टोबिनसाहेबांचा काळा झगा मला मिळालाय. ते सहा फूट चार इंच, मी पाच फूट एक. तळाची एवढी पट्टी कापली की उरलेल्या कापडात सिरिलचा परकर झाला असता. सिरिल म्हणाला, “घरातल्या निकालांवर आता अपील कुठे करायचं ते सांग.”

नवऱ्याने विनोद केला, गावाने पाठ थोपटली. आता तू काय म्हणतोस?

टिली


हॅलरन, टेक्सास
२७ मार्च १९८९

टिली,

अभिनंदन. खरंच. तीनदा वाचलं, तीनदा हसलो, चौथ्यांदा बायकोला वाचून दाखवलं. ती रडली. बायकांचं काही कळत नाही.

पण भाऊ म्हणून आणि तीस वर्षं वकिली केलेला माणूस म्हणून एक सांगतो, रागावू नकोस. न्यायाधीश न्यायाधीशात फरक असतो. गुरांच्या बाजारात असते तशी प्रतवारी असते. सगळ्यात वर सर्वोच्च न्यायालय, त्याखाली अपिलाचं, त्याखाली जिल्हा न्यायाधीश. हे झाले बैल. त्याखाली, गव्हाचा ट्रक जास्त भरला म्हणून दंड करतात आणि शनिवारी घाईची लग्नं लावतात, ते दंडाधिकारी. ते म्हणजे कालवड. कालवडही गुरातच मोजतात, पण तिच्या गळ्यात कुणी पदक घालत नाही.

आणखी एक बातमी. पुढच्या वर्षी मी इथल्या जिल्हा न्यायाधीशाच्या खुर्चीसाठी उभा राहतोय. आमच्याकडे समित्याबिमित्या, खोकणारे न्यायमूर्ती, असलं काही नाही. पक्षाचं तिकीट घ्यायचं आणि जनतेसमोर जायचं. जनता हुशार असते, टिली. तिला कामाचा माणूस बरोबर कळतो.

त्या खुर्चीकडे मी तीस वर्षं खालून बघतोय. मान दुखायला लागली आता.

फ्लोरियन


सेंट बोनिफेस
१८ फेब्रुवारी १९९०

फ्लोरियन,

कालवडीचा नमस्कार घे.

परीक्षा पास झाले. राज्यभरातून आलेले आम्ही बारा जण होतो, त्यात एक मधमाश्या पाळणारा. तो माझ्यापेक्षा जास्त गुणांनी पास झाला. टोचून घ्यायची सवय असते ना त्याला.

कामाचं म्हणशील तर सुरुवातीला सगळे मला “टिली” म्हणायचे. ऑर्व्हिल बीकर तर दंड भरायला आला आणि म्हणाला, “टिली, तुझ्या आईचं बाळंतपण माझ्या आईने केलंय.” मी म्हटलं, “हो, आणि तू ताशी ऐंशी मैलांनी शाळेसमोरून गेलास.” आता “जज टिली” म्हणतात. चालतं मला.

तुझं भित्तिपत्रक मिळालं. ते बघून सिरिलने चहा सांडला. फ्लोरियन, डोक्यावर ती टोपी कसली? तुला घोड्याजवळ उभं केलं की शिंका येतात! आणि नाव काय छापलंय, फ्लोरियन ‘बक’ वासिंगर? बक? लहानपणापासून बकबक करतोस म्हणून का रे?

मलाही नोव्हेंबरात जनतेसमोर जायचंय, माहीत आहे ना? नेमणुकीनंतरच्या पहिल्या निवडणुकीत लोकांना विचारतात, ‘ओट्टिलिया क्विंट यांना पदावर ठेवावे काय? हो. नाही.’ बस, एवढंच. समोर कुणीही उभं नाही, आणि तरी मी हरू शकते! असली निवडणूक तू बघितलीस कधी? एकदा तरले की मग दर चार वर्षांनी तोच प्रश्न. सिरिल म्हणतो, लग्नातसुद्धा दर चार वर्षांनी असा कागद यायला हवा. मी म्हटलं, मग तुझ्या मतपेटीत ‘हो’ कोण टाकणार होतं?

टिली


हॅलरन
६ मे १९९०

टिली,

नावाचं ऐक. प्रचारवाल्या मुलीने सांगितलं, ‘फ्लोरियन’ ऐकून निम्म्या लोकांना बाई वाटते आणि उरलेल्यांना फुलवाला. म्हणून बक.

पक्षाची उमेदवारी मिळाली. आता दिवसाला तीन ठिकाणी भाजलेलं मांस खातो, चार ठिकाणी भाषण ठोकतो. मेजवान्या देतात ते बहुतेक वकीलच. उद्या ते माझ्यासमोर उभे राहणार, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून मांस चावताना आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाही. पद्धतच तशी आहे, मी काय करू?

समोरचा उमेदवार एकतीस वर्षांचा आहे. ट्रेंट हॉलोवे. मी जितकी वर्षं कोर्टात आहे तितकं त्याचं वय. विम्याचे कागद तपासत होता इतके दिवस. ज्युरीसमोर एकदाही उभा राहिलेला नाही. मला त्याची दया येते.

गावाकडे सगळे ठीक? माझ्या बालमित्राला, लिएंडरला सांग, मी न्यायाधीश झालो की शपथविधीला त्याने अकॉर्डियन घेऊन यायचं. येण्याजाण्याचं मी बघतो.

बक (हो, मुद्दाम)


सेंट बोनिफेस
८ जुलै १९९०

फ्लोरियन,

तुझ्या लिएंडरचंच सांगायला बसलेय. दुसरीकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. कोर्टाबाहेर सगळ्या गावाने बघितलं तेवढंच लिहिते.

चार जुलैच्या मिरवणुकीत आगीचा बंब नेहमीसारखा लिएंडर श्टेकलाइन चालवत होता. बावीस वर्षं तो बंबाचा प्रमुख आहे, लग्नाबारशाला तोच वाजवतो, गावात त्याला ‘नाही’ म्हणणारं माणूस जन्माला यायचंय. सकाळपासून बिअर चालू होती. बँकेच्या कोपऱ्यावर भोंगा सुरू झाला, पोरं ओरडली, आणि बंब वळायच्या ऐवजी सरळ गेला. स्मारकाचं कुंपण गेलं, डॉक्टरांच्या पडवीचं छप्पर गेलं, आणि म्हाताऱ्या हर्मिना ब्रुनगार्टची खुर्ची चाकाखाली अशी झाली की तिची वायर करून कपडे वाळत घालावेत. हर्मिना नुकतीच लिंबू सरबत आणायला उठली होती. एक्याऐंशी वर्षांची आहे ती. सरबताचा पेला हातात धरून खुर्ची होती त्या जागेकडे बघत राहिली.

आणि लोक हसले, फ्लोरियन. लिएंडर खाली उतरून वाकून नमस्कार करत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मीही अर्धं हसले होते. मग हर्मिनाचा पेला दिसला. तसाच भरलेला.

खटला माझ्यापुढे येणार. यापुढे मी त्यावर एक अक्षर लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

टिली


वासिंगर आणि भागीदार, वकील
हॅलरन, टेक्सास
१६ जुलै १९९०

प्रिय न्यायाधीश क्विंट,

तू लिहू नकोस म्हणालीस, पण हे लिहिलंच पाहिजे. कागद ऑफिसचा घेतलाय, कारण हे मी एक जबाबदार वकील आणि जिल्हा न्यायाधीशपदाचा उमेदवार म्हणून लिहितोय.

१९४५ साली मी बारा वर्षांचा असताना बाबांच्या धान्याच्या कोठीत पडलो. गहू खालून निसटत होता आणि मी त्यात छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत गेलो. ज्याने पोटाला दोर बांधून उडी मारली तो तेरा वर्षांचा लिएंडर होता. त्याने मला केसांना धरून ओढलं. आज मला टक्कल आहे, पण जीव आहे.

लिएंडरचा परवा फोन आला होता. रडत होता. कोठडीत गेला तर बंब जाईल, आणि बंब गेला तर त्याच्याकडे उरतं काय? मी त्याला शब्द दिलाय, की माझी बहीण न्यायाधीश आहे, मी बोलतो. समाजसेवेचे तास दे, ताकीद दे, काहीही कर. कायदा तुला तेवढी मोकळीक देतो, मी कलम बघितलंय. गाव तुला दुवा देईल, आणि नोव्हेंबरात तुलाही गावाची गरज आहे.

तुझा,
फ्लोरियन वासिंगर


सेंट बोनिफेस
२१ जुलै १९९०

श्री. फ्लोरियन वासिंगर यांस,

आपले दि. १६ जुलैचे पत्र मिळाले. ते या न्यायालयापुढे चालू असलेल्या खटल्याविषयी असल्याने त्याची प्रत सरकारी वकील व आरोपीचे वकील यांना देण्यात आली आहे. मूळ पत्र खटल्याच्या फाइलला जोडले आहे. न्यायाधीश बदलून हवा असल्यास तसे सांगण्याची मुभा दोन्ही बाजूंना दिली. दोघांनीही नको म्हटले. या विषयावर कृपया पुन्हा पत्र पाठवू नये.

ओट्टिलिया क्विंट
दंडाधिकारी न्यायाधीश

(त्याच पाकिटात, वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर, पेन्सिलीने)

का रे केलंस हे? चार वेळा वाचलं. कोठीचं वाचून रडले. आणि मग उठून फाइलला लावलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची असली पत्रं मी स्वतःच्या हाताने फाइलला लावलीत. भावाचं आलं म्हणून ड्रॉवरमध्ये टाकू?


हॅलरन
२९ जुलै १९९०

टिली,

फाइलला लावलंस.

फाइल कुणालाही बघायला मिळते, ठाऊक आहे ना तुला? तुझ्या गावचं साप्ताहिक ते कोबीमटणाच्या पावांच्या जाहिरातीशेजारी छापणार. तिथून एक कात्रण इथे यायला किती दिवस लागतील? ‘न्यायाधीशपदाचा उमेदवार बहिणीच्या कोर्टात वशिला लावतो.’ हॉलोवेच्या प्रचाराला आयतं कोलीत. मी उमेदवार आहे हे मीच लिहिलं होतं, नाही का? वा! ऑफिसच्या कागदावर!

एकदा फोन करता आला असता. ‘मूर्खा, हे परत घे’ म्हणता आलं असतं. मी पत्र परत घेतलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. पण तुला झगा मिळालाय ना. एकतीस वर्षांची माझी कमाई तू तुझ्या शिवलेल्या झग्यासाठी भोक पाडून फाइलला टाचलीस.

यापुढे पत्र पाठवू नकोस.

फ्लोरियन


सेंट बोनिफेस
३० ऑगस्ट १९९०

फ्लोरियन,

पाठवू नकोस म्हणालास, पण मी कधी तुझं ऐकलंय?

खटला संपला, म्हणून आता लिहिता येतं. लिएंडरने गुन्हा कबूल केला. त्याच्या वकिलाने समाजसेवेचे शंभर तास मागितले. मी विचारलं, “कुठे करणार?” वकील म्हणाला, “अग्निशमन केंद्रात.” मी म्हटलं, “म्हणजे जिथे तो बसून पितो, तिथेच?” कोर्टात कुणी हसलं नाही. सलग अठ्ठेचाळीस तास कोठडी दिली, परवाना निलंबित केला, आणि उपचाराला जायला लावलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साप्ताहिकाने तुझं पत्र छापलं. पावांच्या नाही, ट्रॅक्टरच्या टायरच्या जाहिरातीशेजारी. मला माफ कर असं म्हणवत नाही, कारण पुन्हा तेच करेन. पण वाईट वाटतं ते वाटतंच. या दोन्ही गोष्टी एका पोटात ठेवून मी झोपते, म्हणजे झोपत नाही.

गावात आता ‘टिलीला नाही’ अशा पाट्या लागल्यात. पहिली पाटी वेंडलिनच्या दुकानात. तिथे सिरिल केस कापायला जायचा. तो म्हणतो, तुझ्यासाठी मी नोव्हेंबरपर्यंत केस वाढवतोय, याहून मोठं प्रेमपत्र मागू नकोस.

टिली


सेंट बोनिफेस
१० नोव्हेंबर १९९०

फ्लोरियन,

हो ६०४. नाही ५३६. अडुसष्ट माणसांनी मला खुर्चीत ठेवलंय. गावात कोण कोण ते ओळखायचा खेळ मी खेळायचा नाही असं ठरवलंय, आणि रोज खेळते.

दुकानात लिएंडर भेटला. उपचाराला जातो, हात थरथरतात अजून. म्हणाला, “मी ‘हो’वर खूण केली. तू गेलीस तर तिथे वकील येईल.” मग म्हणाला, “हर्मिनाला मी खुर्ची करून दिली. लाकडाची. ती म्हणाली, तू रस्त्यापासून लांब ठेवून दे.”

तुझा निकाल इथल्या वर्तमानपत्रात येत नाही. तुझ्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, “हरले. बोलत नाहीत कुणाशी.” एवढंच.

ते कात्रण पोहोचलं होतं का, फ्लोरियन? त्यामुळेच झालं का?

टिली


(पोस्टकार्ड. चित्रात मोठ्या शिंगांच्या बैलाचं डोकं.)

हॅलरन
१६ नोव्हेंबर १९९०

अभिनंदन. कात्रण पोहोचलं होतं. बाकी तुझी तू समज.

फ्लो.


सेंट बोनिफेस
१३ जानेवारी १९९१

फ्लोरियन,

नाताळला तुझं कार्ड आलं नाही. तू टेक्सासला गेल्यापासून पहिल्यांदा.

सरळ सांगते. मला आता तिथे बसवत नाही. परवा बीकरच्या पोराचा खटला होता, गाय मोकळी सोडल्याचा. त्याची मावशी मागे बसली होती, माझ्याकडे डोळे लावून. मी दंड सांगायला तोंड उघडलं. माझ्या मनात आलं, या दंडाने कुणाच्या घरात काय मोडणार आहे, मला काय माहीत? माझ्या एका कागदाने भावाचं आयुष्य मोडलं, ते तरी कुठे माहीत होतं? दहा मिनिटांची सुट्टी जाहीर करून मी फाइलींच्या खोलीत उभी राहिले.

बरोबर केलं होतं, हे अजून म्हणते. पण बरोबर केलेल्याचा भार उचलायला कुणीतरी दणकट हवं, आणि मी ती नाही. राजीनामा लिहिलाय. प्रत सोबत जोडली आहे. २८ तारखेच्या सोमवारी राजधानीला पाठवते. समिती पुन्हा बसेल. वेंडलिन अर्ज करेल. करू दे. केस आणि मढी दोन्ही सांभाळतो, हेही सांभाळेल.

तुला सगळ्यात आधी कळावं म्हणून लिहिलं. खुर्ची तुझीच होती खरं तर.

टिली


हॅलरन
१८ जानेवारी १९९१
(तातडीच्या टपालाने)

टिली,

पाठवू नकोस. पाठवू नकोस. पाठवू नकोस. हे पाकीट सोमवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून पोस्टातल्या माणसाशी भांडलोय. फोन केला असता, पण फोनवर हे माझ्या तोंडून निघणार नाही.

मी तुझ्यामुळे हरलो नाही.

कात्रण आलं होतं, ते खरं. हॉलोवेच्या टेबलावरही पोहोचलं होतं. डिसेंबरात वकिलांच्या जेवणात तो माझ्याशेजारी बसला. चांगला पोरगा आहे, काय करणार. म्हणाला, “ऑक्टोबरात मला कुणीतरी कॅन्ससचं एक कात्रण पाठवलं होतं. आगीच्या बंबाचं काहीतरी. ते तुम्हीच का?” म्हटलं, “हो, मीच.” म्हणाला, “मला वाटलं चुकून आलंय. टाकून दिलं.”

टाकून दिलं, टिली! त्याला वापरावंसंसुद्धा वाटलं नाही.

हरलो कसा ते ऐक. इथे मतपत्रिकेवर एक सोय आहे. वर पक्षाच्या नावापुढे एकच खूण केली की खालचे सगळे, राज्यपालापासून न्यायाधीशापर्यंत, त्याच पक्षाला जातात. या खेपेला या काउंटीत समोरच्या पक्षाची लाट आली. सगळेच्या सगळे न्यायाधीश बदलले. अठरा वर्षं निष्ठेने काम केलेली एक बाई गेली, आणि कोर्टात झोपणारा एक इसमही गेला. त्याच एका खुणेने दोघंही. आणि मी. माझ्या अंगणातल्या पाट्या, टोपी, मांस, बक, काहीच कुणी वाचलं नाही. शेजारच्या मिसेस टकरने अंगणात माझी पाटी लावली होती. दुसऱ्या दिवशी ॲपल पाय घेऊन येते आणि विचारते, “मिस्टर वासिंगर, जिंकलात ना? मी दिलं हं मत.” कुणाला दिलं विचारलं. “पक्षाला दिलं, नेहमीसारखं.” पक्ष दुसरा होता.

ॲपल पाय चांगला झाला होता. मी तो खाल्ला.

आता खरं सांगतो. बहिणीने बुडवलं, असं म्हणणं मला बरं वाटत होतं. त्यात काहीतरी मोठं होतं. तत्त्वाचा झगडा, रक्ताचं नातं, नाटकात असतं तसं. कुणी वाचलंच नाही म्हणून हरलो, यात काय आहे? काहीच नाही. म्हणून त्या कार्डावर ‘बाकी तुझी तू समज’ लिहिलं. तू समजशील ते मला माहीत होतं. दोन महिने तुला तसंच जळू दिलं.

त्या पत्राचंही सांगतो. लिएंडरने मला वाचवलं हे खरं. पण मी ते लिहिलं ते त्याच्यासाठी नाही. फोनवर तो रडत म्हणाला, “तू मोठा माणूस आहेस, फ्लोरियन, तू काहीतरी कर.” मला मोठा माणूस व्हायचं होतं. जिला कालवड म्हणून हिणवलं, तिच्याच खुर्चीवर वजन टाकून.

तुला समितीने एका खोलीत बसवून तोंडावर प्रश्न विचारले. गावाने तुझं नाव वाचून, तुझ्यावर चिडून, विचार करून ‘हो’ म्हटलं. सहाशे चार माणसांनी. मला चौऱ्याऐंशी हजार मतं पडली, आणि त्यातल्या एकाही माणसाने माझं नाव वाचलं असेल याची मी हमी देत नाही.

तो कागद फाड.

फ्लोरियन


सेंट बोनिफेस
२० मार्च १९९१

फ्लोरियन,

सुखरूप पोहोचले. अकरा तास गाडी चालवून पाठीचा पाट झालाय. तुझ्या बायकोने दिलेला डबा ओक्लाहोमातच संपला.

दोन दिवस तुझ्या घरी राहून मी तुला भरपूर शिव्या दिल्या, त्या सगळ्या मनापासून होत्या, एकही परत घेत नाही. दोन महिने मी जेवले नाही रे! माझे सगळे झगे सैल झालेत, पुन्हा शिवायला लागणार. पण एक गोष्ट तोंडावर सांगता आली नाही, म्हणून लिहिते.

गुरुवारी तुला वाटलं मी दहाला आले. मी सव्वाआठलाच आले होते. ऑफिसातल्या मुलीने सांगितलं तू कोर्टात आहेस, म्हणून सरळ तिकडे गेले आणि शेवटच्या बाकावर, खांबाआड, रुमाल बांधून बसले. चोरासारखी.

तुझी ती धोबीखान्यातली बाई होती, हात इस्त्रीयंत्रात सापडलेली. कंपनीकडून तीन वकील, तिच्याकडून तू. आणि वर खुर्चीत तो हॉलोवे पोरगा. तिची साक्षीदार बोलायला उठली आणि तिघं एकदम उभे राहिले, “हरकत!” पोरगा लाल झाला. त्याला नियम आठवत नव्हता, हे मला शेवटच्या बाकावरून दिसत होतं. सव्वीस वर्षं मी न्यायाधीशांचे कानच बघत आलेय, नियम विसरला की कानाच्या पाळ्या आधी लाल होतात. तिची साक्ष तो बाद करणार होता.

मला वाटलं, आता फ्लोरियन त्याची चामडी सोलणार. इतकी वर्षं मान वर करून थांबलाय, आता संधी आलीय.

तू म्हणालास, “महोदय, या नियमात मी स्वतः एकदा सणसणीत आपटलो होतो. पान माझ्याकडे उघडंच आहे. आणून देऊ?”

आणि पुस्तक घेऊन गेलास. तो वाचत असताना तू तिथे उभा राहिला नाहीस. मागे येऊन पाठ फिरवलीस आणि कागद चाळत बसलास, म्हणजे त्याला घाई होऊ नये. साक्षीदार बोलली. त्या बाईने दुखऱ्या हाताने तोंड झाकलं.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि चांगली रडले. पोलिसाने विचारलं, “बाई, खटला हरलात का?” मी म्हटलं, “नाही हो, आमचा नाहीच आहे.” मग तोंड धुतलं आणि दहा वाजता नुकतीच आल्यासारखी तुझ्या ऑफिसात आले.

राजीनामा फाडला, ते तुला माहीतच आहे. सिरिलने त्यावर शेगडी पेटवली.

परवा माझ्या कोर्टात एक नवा वकील आला होता, पहिलाच खटला त्याचा. कुंपणाचं भांडण. मी एक कलम सांगितलं आणि तो पांढराफटक पडला. मला कळलं, माझं चुकलंय आणि त्याला बोलायचा धीर होत नाही. पूर्वी असते तर तोंड आवळून पुढे गेले असते.

मी म्हटलं, “पान कितवं?”

तो इतका घाबरला की त्याला पान सापडेना. मग मी खाली उतरले, आणि आम्ही दोघांनी मिळून शोधलं.

टिली